एका वेलांटीचं ते काय

...आणि वर सिस्टर मलाच म्हणतात, "आजोबा, एका वेलांटीचं ते काय!" एका वेलांटीचं ते काय? अहो, आमच्या हिच्या ऑपरेशनच्या संमतिपत्रावर छापलंय, 'डाव्या पायातील शिर काढणे'. शिर! पहिली वेलांटी! दुसरी दिली की शीर, म्हणजे रक्तवाहिनी, आणि पहिली दिली की डोकं, म्हणजे हे लोक हिच्या पायातून डोकं काढणार आणि खाली सही कोणाची, तर माझी!

तुम्हाला सांगतो, मी कीस पाडणारा माणूस नाही. चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं, प्रबंध लिहिला तोही अनुस्वारावर, पण कीस? छे! मी फक्त खिशातलं पेन काढून वेलांटी फिरवली... तर सिस्टर कडाडल्या, "खाडाखोड चालत नाही! आता नवीन छापायला हवं. डॉक्टर आत तयार उभे आहेत, अकरापर्यंत सही नाही झाली तर पुढचा पेशंट घेतील, मग बसा महिनाभर!" घड्याळात दहा पन्नास. ही स्ट्रेचरवर उपाशी, पाय सुजून भोपळा, "अहो, करा ना सही! लग्नाची पत्रिकासुद्धा तीनदा परत पाठवली होतीत!" आता 'वधू'चा 'धू' ऱ्हस्व छापला होता, सोडून देऊ?

दहा सत्तावन्न. नवा कागद आला. दुसरी वेलांटी, अगदी ठसठशीत! मी इतका हरखलो, हिला मोठ्यानं वाचूनच दाखवलं, "डाव्या पायातील शीऽऽर काढणे!"

"डाव्या?" ही ताडकन उठून बसली. "अहो, माझा उजवा आहे!"

तुम्हाला सांगतो, मी कागद पुन्हा डोळ्यांशी धरला. सात वेळा वाचला होता मी तो कागद... सात! सिस्टर पांढऱ्याफटक, धावत सुटल्या. वेलांटी चुकली नसती तर मी मोठ्यानं वाचलंच नसतं, आणि वेलांटीतून डोकं वर काढलं असतं तर 'डाव्या' आधीच दिसलं नसतं का? मी हिला वाचवलं की मारायलाच निघालो होतो?

"त्याचा विचार नंतर करा," ही म्हणाली.

दहा एकोणसाठ. सिस्टर धापा टाकत परत. घाईघाईत कॉम्प्युटरवर पहिलाच मजकूर उघडून पाय तेवढा बदलला असणार, कारण समोर लिहिलंय, 'उजव्या पायातील शिर काढणे'. पहिली वेलांटी! सिस्टर माझ्याकडे बघतायत, ही बघतेय, घड्याळ बघतंय... उजवा पाय चारदा वाचला, आवंढ्याबरोबर वेलांटी गिळली आणि केली सही.

आता ही आत, दार बंद, आणि मी बाहेर तुमच्याबरोबर या बाकावर. आणि आत्ता, आत्ता आठवतंय... त्या गडबडीत माझ्या स्वतःच्या आडनावातली दुसरी वेलांटी मी पहिली काढली! दार वाजवून सिस्टरना सांगू?...

नको. एका वेलांटीचं ते काय!