सुट्या घोड्याला दोन तास

वेल्डा : अहो बाई, तो नाही, डावा! डावा पाय रिकिबीत.

आर्डिथ : डावाच तर आहे हा.

वेल्डा : तो उजवा आहे.

मर्ल : जन्मभर शाळेत पोरांना डावं-उजवं शिकवलं हिनं.

आर्डिथ : मर्ल, तू गप्प बस. आणि गाडीचं ते दार लाव, वारा लागेल.

मर्ल : दार लावलं तर दिसणार कसं? बायको सदुसष्टाव्या वर्षी घोड्यावर चढतेय. फुकटचा तमाशा आहे, बघू दे की.

वेल्डा : काका, हसवू नका त्यांना. बाई, इकडं लक्ष. डावा पाय रिकिबीत. डाव्या हातात लगाम आणि थोडी आयाळ. उजवा हात खोगिरावर. आता एक उडी, की वर.

आर्डिथ : थांब, थांब! हा हलतोय.

वेल्डा : श्वास घेतोय तो, बाई.

आर्डिथ : मग जरा हळू घे म्हणावं. नाव काय म्हणालीस याचं?

वेल्डा : बिस्किट. म्हातारा आहे बिचारा. या खोऱ्यातली निम्मी पोरं याच्याच पाठीवर शिकली. तुम्ही पडायचं म्हटलं तरी हा पडू देणार नाही. हं, चला. वर!

आर्डिथ : अगं बाई गं!

वेल्डा : बसलात! बघा, झालं की.

आर्डिथ : केवढं उंच आहे हे. खालून एवढं वाटलं नव्हतं.

मर्ल : खोगिराच्या पुढच्या त्या मुठीला मिठी मारून बसू नकोस. ती दोर बांधायला असते.

आर्डिथ : मी धरणार.

वेल्डा : धरा हो, आज धरा. पण लगाम असा दोन्ही हातांनी ओढू नका. आपल्याकडं एकाच हातात धरतात. दुसरा हात मोकळा, गाईवर दोर टाकायला.

आर्डिथ : मी कुणावर दोर टाकणार आता?

मर्ल : टाकायचा होता तेव्हा टाकलास. मी अजून सुटलो नाही.

वेल्डा : काका! बाई, डावीकडं वळायचंय ना, मग हात नुसता डावीकडं न्या. लगाम मानेला टेकला की त्याला कळतं. ओढाओढी नाही. हां, तस्सं. टाच खाली. नजर वर. त्याच्या दोन कानांच्या मधून पुढं बघायचं.

आर्डिथ : नजर वर ठेव, समोर बघ, हे मी तुला सांगायचे गं वर्गात.

वेल्डा : आणि मी खिडकीतून घोडे बघत बसायची. एकदा तुम्ही मला बाहेर उभं केलंत.

आर्डिथ : मग सुधारलीस?

वेल्डा : कसली सुधारतेय! बाहेरून आणखी छान दिसत होते. बाई, एक विचारू? महिनाअखेरीस तुम्ही दोघं डेन्व्हरला चाललात, लेकीकडं, नॉरीनकडं. गुरं विकली, घर विकलं. तिकडं घोडा कुठला? मग आत्ताच हे शिकायचं कसं काय मनात आलं?

आर्डिथ : तिथं शेजारी विचारणार, वायोमिंगमध्ये एवढी वर्षं होतात, गुरांच्या धंद्यात, म्हणजे घोड्यावर बसत असाल. प्रत्येकाशी खोटं काय बोलायचं? एकदा तरी बसले होते, एवढं म्हणता येईल.

मर्ल : बसलीस ना? आता उतर. पडलीस तर तुला उचलायला, झटका आल्यापासून माझा एकच हात चालतो.

आर्डिथ : एवढ्यात नाही. वेल्डा, याला जरा पळव.

वेल्डा : पळवायचा नाही, दुडक्या चालीनं नेऊ. बाई, थोडं आदळेल हं. कंबर सैल सोडा. टाच लावा हळूच... चल बिस्किट, चल!

आर्डिथ : अरे देवा... अरे देवा...

वेल्डा : श्वास घ्या! हां... हां... अहो बाई, खरं सांगा, आधी कधी बसला होतात?

आर्डिथ : कधीच नाही.

वेल्डा : मग ही मांड आली कुठून? काका, बघताय ना? ती कंबर बघा, कशी घोड्याबरोबर चाललीय! लोकांना वर्षवर्ष शिकवते मी, तरी पोत्यासारखे आदळत राहतात. काका? झोपलात का?

मर्ल : बघतोय.

आर्डिथ : का रे? तोंड का बंद झालं? हस की.

मर्ल : हसण्यासारखं काही नाही.

आर्डिथ : टोमणा का?

मर्ल : नाही. छान बसलीयस.

आर्डिथ : ...वेल्डा, या मागच्या टेकडीवर जाता येईल?

वेल्डा : पहिल्याच दिवशी? मी माझी घोडी घेते, बिस्किटचा दोर माझ्या हातात राहील. सावकाश गेलो तर काही भीती नाही. काका, नेऊ ना बाईंना?

मर्ल : मला काय विचारतेस? तिला कधी कुठं जाऊ नको म्हटलंय मी?

(दोघी रिंगणाच्या फाटकातून बाहेर पडतात. बऱ्याच वेळानं परततात. आर्डिथ घोड्यावरून उतरून गाडीपाशी येते.)

मर्ल : आलीस? पाय आहेत का जागेवर?

आर्डिथ : मर्ल, वर तो पत्रा चमकतो तो आपल्या गुरांच्या उन्हाळी तळाचा ना? त्या पाइनच्या झाडांखाली. वेल्डा म्हणाली, काकांची वरची खोली तीच.

मर्ल : हो. दुपारी ऊन पडलं की चमकतो.

आर्डिथ : आणि मान वळवली की खाली आपलं घर. दोन्ही एकाच जागेवरून दिसतं.

मर्ल : दिसतं.

आर्डिथ : मी वेल्डाला विचारलं, घरापासून तो तळ किती लांब असेल गं? ती म्हणाली, गुरं बरोबर नसली तर, सुट्या घोड्याला दोन तास.

वेल्डा : बाई, मी काही चुकीचं बोलले का? मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल.

आर्डिथ : नाही गं, तुझं काही चुकलं नाही. तू जा, त्याचं खोगीर काढ. घामानं भिजलाय तो.

वेल्डा : बरं. पाणी पाजते त्याला. गुरुवारी याल ना?

आर्डिथ : बघू. ...मर्ल, दर जूनमध्ये तुम्ही गुरं घेऊन निघायचात. त्या तळावर पोचायला तीन दिवस लागायचे.

मर्ल : गुरं चरत चरत जातात. वासरं दमतात. तीन दिवस लागणारच.

आर्डिथ : मी तीन दिवसांचं अंतर समजत होते रे, तीन दिवसांचं! जूनला गेलास की सप्टेंबरपर्यंत मी धरून चालायचे की तू डोंगराच्या पलीकडे कुठेतरी आहेस. हाकेच्या बाहेर.

मर्ल : तू कधी विचारलं नाहीस.

आर्डिथ : तू कधी सांगितलं नाहीस. दोन तास! रात्रीच्या जेवणाला खाली येऊन सकाळी परत गेला असतास. एकदा तरी. इतके उन्हाळे गेले, मर्ल. एकदासुद्धा यावंसं वाटलं नाही?

मर्ल : वाटायचं.

आर्डिथ : मग?

मर्ल : मला वाटायचं, तुला बरं वाटत असेल मी नसल्यावर. घर शांत. संध्याकाळी वरच्या खोलीच्या दारात बसलं की आपल्या स्वयंपाकघरातला दिवा दिसायचा. उशिरापर्यंत जळत असायचा. म्हणायचो, बाई मजेत वाचत बसलीय. कशाला जाऊन मध्ये कडमडा? तो मालवला की मग मी आत जायचो.

आर्डिथ : मी वाचत नव्हते.

मर्ल : मग काय करत होतीस?

आर्डिथ : काही नाही. बसलेली असायचे. नॉरीन झोपली की घर खायला उठायचं.

मर्ल : हे मला काय माहीत?

आर्डिथ : कुठून माहीत असणार? तू वर, मी खाली.

मर्ल : तुला वर न्यायला आलो होतो मी. पहिल्याच जूनला. लग्नाला महिना झाला नव्हता. बकस्किन घोडी होती एक, पिवळसर रंगाची, गरीब. तुझ्यासाठी खोगीर घालून फाटकापाशी आणली. तू खिडकीतून बघितलंस आणि पडदा ओढून घेतलास.

आर्डिथ : तू शीळ घातलीस, मर्ल.

मर्ल : घातली असेल.

आर्डिथ : घातलीस. तिथूनच, घोड्यावर बसल्या बसल्या. आधी मला वाटलं कुत्र्याला बोलावतोयस. मग कळलं, मलाच. मिनेसोटातून सगळं सोडून आले होते मी. नवी नवरी. आणि तू शीळ घालणार न् मी धावत यायचं?

मर्ल : मला लाज वाटत होती गं. मागं सगळी माणसं उभी होती, माझा बाप होता. त्यांच्यासमोर नावानं हाक मारायची म्हणजे... मारली असती तर आली असतीस?

आर्डिथ : पळत आले असते.

मर्ल : घोड्याची भीती वाटते म्हणालीस नंतर.

आर्डिथ : काहीतरी सांगायला हवं होतं ना. मग तेच खरं झालं. सगळे म्हणायला लागले, आर्डिथ घोड्याला भिते. मीही म्हणायला लागले.

मर्ल : आज बघत होतो तुला. त्या दुडक्या चालीत. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तू माझ्या सगळ्या माणसांना मागं टाकलं असतंस.

आर्डिथ : नको बोलूस तसं.

मर्ल : खरं आहे ते.

आर्डिथ : म्हणूनच नको म्हणते. वाईट बसले असते तर बरं झालं असतं.

मर्ल : रडू नकोस. वेल्डा बघतेय.

आर्डिथ : बघू दे. आणि तूही काही कोरडा नाहीस.

मर्ल : या बाजूचा डोळा आपोआप पाझरतो. डॉक्टर म्हणालाय.

आर्डिथ : दोन्ही पाझरतायत. सरक जरा. मांड्या भरून आल्यात माझ्या, लगेच गाडी चालवायला जमायचं नाही. थोडा वेळ बसू?

मर्ल : बस की. मला आता कुठं जायचंय?