उघाडी बंद होती

जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनो, आयाबहिणींनो, आणि कोपरीहून, बाळकुमहून चालत आलेल्या पाहुण्यांनो,

मला बोलायचं नव्हतं. गावकीने सांगितलं, गावात बी.ए. झालेली तू एकटी, तेव्हा गोमाकाकांबद्दल दोन शब्द तूच बोल. काकी समोर बसली आहे. तिच्याकडे बघून बोलणं मला जमणार नाही. म्हणून मी तुमच्याकडे बघून बोलते.

गोमाकाका माझे सख्खे काका नव्हते. ते आपल्या उघाडीचे राखणदार होते. खाडीच्या बांधातलं ते लाकडी दार ओहोटीला उघडायचं, भरतीआधी लावायचं, खारं पाणी भातात येऊ द्यायचं नाही, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. पण आसपासच्या गावांत कुठेही बांध घातला की काकांना बोलावणं यायचं. ते अनवाणी बांधावरून चालत जायचे आणि टाचेने सांगायचे, इथे पोकळ आहे. मी बी.ए. झाले तेव्हा मला चिडवायचे, "बाय, तू कागूद वाच, मी चिखल वाचतू. बगू, कोन आदी चुकतंय."

मी आधी चुकले. ते सांगायलाच मी इथे उभी आहे.

नवा बांध झाला तेव्हा आपण सगळे किती आनंदात होतो. सरकारने बांधून दिलेला पहिला बांध. आपल्या गावचा नियम तुम्हाला माहीत आहे. नव्या बांधाने एक मोठं उधाण सोसल्याशिवाय त्याला चांगला म्हणायचं नाही. आपल्या आज्यापणज्यांनी कधी म्हटलं नाही. पण कल्याणहून साहेब आले ते मार्च संपता संपता. काम पूर्ण, आतलं दगडी अस्तर पूर्ण, असा कागद घेऊन. गावातर्फे राखणदाराचा अंगठा हवा होता. कागद इंग्रजीत होता. मी वाचून दाखवला.

काका म्हणाले, "आजून उधान नाय आलं. आंगठा कसा देऊ?"

साहेब हसले. मार्च गेला की मंजुरीही गेली, म्हणाले, पुढे डागडुजीलाही पैसा मिळणार नाही, मग बसा खारं पाणी पीत.

आणि मी काय केलं? मी काकांना समजावलं. म्हटलं, काका, आता सरकार परकं राहिलं नाही. आपलंच आहे. आपल्या माणसांवर आपण विश्वास ठेवायचा नाही, तर कुणी ठेवायचा?

काका मग म्हणाले, "तू सांगतेस तं देतू."

शाईची डबी मी पुढे केली. मी. दुसऱ्या कुणी नाही.

त्यानंतरचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. श्रावणातली अमावास्या, भर दुपारची भरती, आणि बांधाला खांड पडली. आत दगड नव्हताच. वर एक थर होता, दिसण्यापुरता. बाकीचा दगड कुठे गेला? सगळ्या गावाला माहीत आहे. ठेकेदाराच्या नव्या घराच्या जोत्यावरून आपण रोज खाली मान घालून जातो.

हाळी झाली. रिवाजाप्रमाणे घरटी एक माणूस धावला, पेंढ्याचे भारे घेऊन. काका सगळ्यांच्या पुढे, छातीभर पाण्यात. वरचा बांध खचला तो त्यांच्या अंगावर.

उद्या सकाळी साहेब पंचनाम्याला येणार आहेत. त्यात काय लिहायचं ते ठरलं आहे. राखणदाराने उघाडी उघडी ठेवली, म्हणून बांध फुटला. म्हणजे काका गेले ते स्वतःच्या चुकीने, आणि गाव बुडालं तेही त्यांच्याच चुकीने.

उघाडी बंद होती. तुम्ही पाहिली. मी पाहिली. फळ्यांच्या फटींत काकांनी दाबलेला पेंढा आजही तसाच आहे. दार जागेवर उभं आहे, बांध त्याच्या बाजूने गेला. उघाडी बंद होती.

पंचांमध्ये माझे बा आहेत. ते इथेच बसले आहेत. परवा मी त्यांना विचारलं, तुम्ही अंगठा देणार? ते म्हणाले, "गोमा गेला. त्याला आता कागूद लागत नाय. आपल्याला बांध लागतंय."

साहेबांनी तसं बजावलंच आहे. असाच पंचनामा झाला तर दुरुस्ती मंजूर, नाही तर नाही. पुढच्या उधाणाच्या आत बांध झाला नाही, तर जमीन तीन वर्षं भात देणार नाही. बा म्हणतात ते खोटं नाही. भयंकर आहे ते हेच. चोरी ज्याने केली त्याला काहीच करावं लागत नाही. खोटं बोलायचं ते आपण, पोरांच्या ताटात भात पडावा म्हणून.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, लाचलुचपत हा जगातल्या सगळ्या देशांचा रोग आहे. राजेशाही असो, लोकशाही असो. परीक्षेत मी उपाय लिहिले. कडक कायदा, जागरूक नागरिक, शिक्षणाचा प्रसार. मार्क चांगले मिळाले. त्या दिवशी शिक्षण तर हजर होतं, मंडळी. शाईची डबी धरून उभं होतं.

मी माझा जबाब लिहिला आहे. कागद मी वाचला, अंगठा मी द्यायला लावला, आणि उघाडी बंद होती. उद्या तो मी साहेबांच्या हातात देणार. एकटीच्या सहीने काही होणार नाही, हे मला कळतं. पोरगी दुःखाने बावचळली आहे म्हणतील, कागद बाजूला ठेवतील. तुम्हा पाच पंचांकडून मला फार आशा आहे असं म्हटलं, तर आणखी एक खोटं माझ्या तोंडून जाईल. मी फक्त विचारते. पंचनामा होईल त्याच ओसरीवर उद्या काकी बसलेली असेल. तिच्यासमोर ते वाचून दाखवायचं कुणी? साहेब मलाच सांगतील. मी वाचणार नाही.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. ज्यांनी अंगठा द्यायचा ठरवला आहे, त्यांनीही उभं राहावं. त्या दुपारी पाण्यात तेही काकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. बा, तुम्हीही उठा.