आईच्या नावाच्या खुर्च्या

हॅलो?… हो, व्हर्लीन मावशी, मीच… जेवले गं. आईच्या अंत्यविधीला आलेलं चिकनच अजून संपत नाहीये. तुझा पाउंड केक मात्र पहिल्याच दिवशी उडाला…

हो, भाषण उद्याच. हॉस्पिटलच्या त्या प्रूइटबाईंचा आत्ताच फोन होता. इतकं गोड बोलतात, कान चिकट झाले माझे… नाही गं, नीट बोलले. "हो मॅडम, नक्की मॅडम"…

अगं, दिवस भरायच्या आत झालेल्या बाळांचा नवा वॉर्ड उघडतायत. बडे देणगीदार येणार. आधी पडद्यावर मी, जन्मले तेव्हाची, काचेच्या पेटीतली, मूठभर. मग स्टेजवर मी, उंच टाचांची. त्यांचा चमत्कार… आणि आईच्या नावानं… तू बसली आहेस ना? खुर्च्या. हो, खुर्च्या! मऊ, मागे रेलणाऱ्या. बाळाला छातीशी घेऊन बसायला. प्रत्येकीवर पितळी पाटी, अर्नेस्टीन गेन्स…

 

नाही, त्यांना काहीच माहीत नाही. तेव्हाचं कोणी उरलेलं नाही तिथे. त्यांना एवढंच ठाऊक, की अर्नेस्टीनबाई दर आठवड्याला यायच्या आणि परक्यांची बाळं कुशीत घ्यायच्या… प्रेमानं? अगं, ती पहारा द्यायला जायची! दाराजवळच्या कोपऱ्यातल्या बाळांवर. आपल्या काळ्या बाळांवर.

हो, जाण्याआधी तिनंच सांगितलं… सगळं. खिडकीजवळच्या गोऱ्या बाळंतिणींना खुर्च्या, आणि हिला, "रिकामी नाही." पोटाचे टाके ओले, आणि ही उभी, मला गाऊनच्या आत धरून. नर्स म्हणे, तुमच्यातली बाळं चिवट असतात, काही होत नाही त्यांना…

हो. लिओनेलचं यंत्र वाजत होतं, आणि ती नर्स कुणाच्या तरी पाठीशी उशी नीट लावत होती. आई ओरडली, तर म्हणे, हळू, बाकीच्या घाबरतील… गेला माझा जुळा भाऊ, मावशी. त्याचा एक फोटोसुद्धा नाही आपल्याकडे… माहीत आहे, तू काचेपलीकडे होतीस. रडू नकोस. तुला आत कुठे सोडत होते?

माफ करू? कुणाला?… जुनं कसलं! या विषयावर छापलेलं सगळं वाचलंय मी. आता तोंडावर तसं कोणी बोलत नाही, एवढाच फरक. यंत्र वाजल्यावर आधी कुणाकडे धावतात, ते अजून तसंच आहे.

नाही, आरडाओरडा मुळीच नाही. ओरडले तर सुटतील ते. "बिचारी, आई गेलीय नुकतीच," म्हणून पाण्याचा ग्लास देतील…

अगं, ऐक ना. चर्चमध्ये तुम्ही लोकांना जागा दाखवणाऱ्या बायका… हो, आईसुद्धा. पांढरे कपडे, पांढरे हातमोजे, शेवटचं आमेन होईपर्यंत भिंतीशी उभ्या. तशाच उद्या या. सगळ्याजणी. पुढची रांग राखून ठेवलीय तुमच्यासाठी… बसायचं नाही! कोणी म्हणालं, "बसा ना मॅडम," तर फक्त हसायचं. सगळं सभागृह माना वळवून बघेल. कुजबुजेल. मग मी सांगेन, तुम्ही का उभ्या आहात ते. अगदी हळू. त्या उशीचंसुद्धा सांगेन. लिओनेलचं नाव त्या माइकवर दोनदा घेईन…

पाटी? काढून टाकतील, हो… आईचं नाव पितळेत लागलेलं मलाही बघायचं होतं गं. पण त्या खुर्चीवर नाही.

तुझे गुडघे? मग तू बस बाई, तुला कोण… काय?… पुन्हा सांग… हं… हो. तेव्हाही काचेपलीकडे तू उभीच होतीस.

बरं, हातमोजे इस्त्री करून ठेव… मी? मीही उभीच. प्रूइटबाई विचारत होत्या, स्टेजवर त्यातली एक खुर्ची ठेवू का, म्हणजे बसून बोलता येईल. ठेवा म्हटलं.

रिकामी दिसू दे की एकदा.

ठेवते.