नॉर्बची निळी वायर

—नाही नाही, त्या खुर्चीत नको! तेवढी एक सोडून कुठेही बसा. राग नका मानू हं, पण ती नॉर्बची खुर्ची. खाली कार्पेटवर टेपचे तुकडे चिकटवलेत ना, तिचे पाय बरोब्बर त्यांच्यावरच हवेत, बोटभर जरी सरकली तरी स्पीकरमधून गाणारी बाई डावीकडे जाऊन उभी राहते म्हणे. मला विचाराल तर ती बाई कुठेच उभी नसते, पण मला विचारतंय कोण! चला, त्यापेक्षा इकडे स्वयंपाकघरातच या. माझे लिंबाचे गोड बार अजून ओव्हनमध्ये आहेत आणि तुम्ही आलात चांगले तासभर आधी. —छे हो, लाजताय काय, गाणी ऐकायच्या क्लबातला नवीन माणूस नेहमी लवकरच येतो. मी बर्निस, नॉर्बची बायको. नॉर्ब बर्फ आणायला गेलाय. हो ना, अख्खं विस्कॉन्सिन बर्फाखाली गेलंय, आमच्या दारात गुडघाभर साचलाय, आणि हा पठ्ठ्या दुकानातून पिशवीतला बर्फ विकत आणणार, कारण ब्रँडीत घालायचा बर्फ पारदर्शक हवा! तर असा माणूस आहे. ओढा ती खुर्ची. खुर्च्यांना आज तोटा नाही, सकाळपासून सगळ्या घरातल्या खुर्च्या आणून इथे मांडतोय. म्हटलं इथे कशाला रे, तुमचं ऐकणं तिकडे, तर म्हणाला, असू दे, बसतील लोक. बसतील तर बसतील. मला काय, उलट घरात माणसं दिसली की बरं वाटतं.

तुम्हाला माहितीये ना, आज काय आहे ते? वायरची परीक्षा! म्हणजे बघा, तो वर शेल्फवर राउटर आहे ना, तिथून भिंतीतून एक निळी वायर जाते ती थेट त्याच्या त्या मोठ्या प्लेअरला. गाणी सगळी इंटरनेटवरून येतात, पण ती वायरीतूनच आली पाहिजेत. हवेतून, वायफायवरून आलेलं गाणं म्हणजे नॉर्बच्या मते पाणी घातलेली बिअर. आणि वायर तरी कसली! बागेतल्या पाइपाएवढी जाड, वाकवायची म्हटली तर दोन माणसं लागतात. किंमत मी विचारली नाही, त्याने सांगितली नाही, त्यामुळे आमचा संसार टिकलाय. पण आणली की लगेच ऐकायची नाही हं, आधी ती मुरवायची. हसू नका, खरंच, मिठात कोबी मुरवतात तशी! रिकाम्या खोलीत दार बंद, आणि आत दिवसरात्र व्हायोलिन चालू — ऐकायला कोणी नाही. मी आपली पाय न वाजवता घरातून फिरायची. आणि तो दर दोन दिवसांनी आत जाऊन बसायचा, डोळे मिटायचा, बाहेर यायचा, म्हणायचा, अजून कच्ची आहे. —कॉफी घेता ना? घ्याच.

मग थँक्सगिव्हिंगच्या आधी मी शेल्फ पुसत होते. पाहुणे येणार, शेल्फावर हा धुळीचा थर — फडकं फिरवलं आणि ती वायर आली की हो हातात! तिचं ते राउटरमधलं टोक, खळकन निघून आलं. म्हटलं आता हा बोंब मारत येणार. आणि आला! धावतच आला, डोळ्यांत पाणी, माझे खांदे धरून म्हणतो, बर्निस, मुरली! वायर मुरली! सगळा पडदा बाजूला झाल्यासारखं झालंय, त्या गाणाऱ्या बाईचा श्वास ऐकू येतोय! आणि मी आपली ते टोक पाठीमागे ॲप्रनमध्ये लपवून उभी. मी म्हटलं, अरे वा. नंतर माझ्या बहिणीला, डोलोरेसला फोन केला, तिला या यंत्रांतलं कळतं. ती म्हणाली, अगं, वायर निघाली की तो प्लेअर आपला आपण वायफाय पकडतो, कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणजे तेव्हापासून आजतागायत ती वायर कशालाच —

अरे देवा. हे मी तुम्हाला का सांगितलं? पाहिलंत, आमच्या घरात बोलायला माणूस नाही, त्याचा हा परिणाम. नाही, हसू नका! शपथ घ्या आधी. हं, कपावर हात ठेवून घेतलीत तरी चालेल. कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही, त्यातून गॉर्डीला तर मुळीच नाही. गॉर्डी तुमचा अध्यक्ष ना? तो परीक्षेआधी घरभर फिरून ज्यातून म्हणून लहरी निघतात ते सगळं बंद करतो. फ्रिज बंद, ट्यूबलाइट बंद, मागच्या वेळी माझा केक आत असताना ओव्हनसुद्धा. आणि सगळ्यात आधी वायफाय! आता सांगा, वायफाय बंद झालं की काय होणार? दहा माणसं डोळे मिटून बसलेली, नॉर्ब म्हणतोय ऐका आता, आणि खोलीत चिडीचूप. मग उठून शोधायला लागतील, मग सापडेल. माझ्या नॉर्बची अब्रू! आयुष्यभर या माणसाने लोकांच्या दातांत ड्रिल घातलं, दवाखाना बंद केल्यापासून त्याला हा एक क्लब आहे बघा. आणि क्लबात तो म्हणजे कान. कोणी काही आणलं की विचारतात, नॉर्बला ऐकवलंत का? तेवढ्या एका वाक्यावर तो पुढचे आठ दिवस खुशीत असतो.

—बरोबर आहे तुमचं, मग वायर खोचून टाकावी की. तेच तर. आठवडाभर मनात घोळतंय, शेल्फापाशी जाते आणि परत येते. खरं सांगू? शपथ घेतलीत म्हणून सांगते. त्या खिडकीत तो डबा दिसतोय, डब्बाच म्हणायचा, मुठीएवढा तर आहे — डोलोरेसने दिला, वायफायवर गातो. माझा आहे तो. त्याच्यावर मी पोल्का लावते, जुनी नाचाची गाणी. नॉर्बसमोर नाही हं! घरात नियमच आहे, तो ऐकायला बसला की वायफाय बंद, डबा बंद, त्या लहरींनी व्हायोलिन गढूळ होतं. वायर निघाली त्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत मी वायफाय बंद करायचं विसरले होते, म्हणून तर गाणं चालू राहिलं. तो दार लोटता लोटता विचारतो, बंद केलंस ना? आणि मी म्हणते, हो. आणि आता बंद करताच येत नाही! केलं तर त्याचंही गाणं जाईल ना! म्हणून तो आत, मी बाहेर, डबा अगदी हळू, कानाशी लागून — सबंध हिवाळाभर. इतकी वर्षं या घरात गाणं आहे, पण ते एका खुर्चीपुरतं, आणि ती खुर्ची काही माझी नाही. वायर खोचली की पुन्हा तसंच. मला वाईट वाटायचं हो. भांडणासारखं नाही, आपलं नुसतं वाईट.

आम्ही भेटलो ते पोल्कालाच, तुम्हाला खोटं वाटेल. मनिटोवॉकचा डान्सहॉल. याने भावाचे बूट घातलेले, ते चावायला लागले, तर हा बूट काढून मोज्यांवर नाचला माझ्याबरोबर! शेवटचा वॉल्ट्झ होता, आणि बँडमधला ॲकॉर्डियनवाला अर्ध्यात चुकला, पण आम्ही काही थांबलो नाही. आता म्हणतो पोल्का म्हणजे गोंगाट. —डबा चांगला आहे पण जरा खुळा आहे. मी आवाज बारीक ठेवते, आत्ताही आहे तसा, आणि काही वेळा आपोआप मोठा होतो. मी भांडी घासत असते आणि हा हळूहळू चढतो! शिवाय मी न लावलेली गाणी मधेच लागतात, सगळी जुनी, मला आवडणारीच. डोलोरेस घालत असेल तिच्या फोनवरून, दुसरं कोण? नॉर्बने तर शपथ घेतलीय, असलं काही फोनात घेणार नाही म्हणून.

गाडी आली वाटतं. हो, त्याचीच. उठा उठा, ती शेल्फावरची बरणी धरा जरा, मी टोक काढते. नाही, मनाशी ठरलं माझं. पोल्काचं काय, आठवण आली तर गुणगुणेन मी. दहा माणसांत त्याचं हसं झालेलं नाही बघवणार मला. इथेच टाकलं होतं मी, शेल्फाच्या मागे, भिंतीपाशी लोंबत... हे काय? हे असं कोणी गुंडाळलं? गोल गोल, आणि वर काळा पट्टा बांधलेला, टोक आतल्या बाजूला. माझं नव्हे हे काम. असं तर घरात एकच माणूस बांधतो. धूळ बघा किती बसलीय पट्ट्यावर. कधीचं आहे हे?

थांबा. डबा तुम्ही मोठा केलात? मी तर हातही लावला नाही — बघा, चढतोय, चढतोच आहे! आणि हे गाणं — ॲकॉर्डियन — अहो, हा तर तोच वॉल्ट्झ. खिडकीतून बघा तरी, तो गाडीतच बसलाय का? काय करतोय? फोन? फोनमध्ये डोकं घालून बसलाय आणि हसतोय? लबाड! लबाड माणूस! वायर निघाल्याचं माहीत होतं याला, डब्यावर गाणीही हाच घालत होता, सगळा हिवाळा! आणि रोज मला विचारत होता, बंद केलंस ना! मग आज गॉर्डीला कशाला — खुर्च्या. अगंबाई, खुर्च्या! म्हणून सगळ्या इकडे मांडल्या होय. सगळ्यांना इथे बसवून तो माझा डबा ऐकवणार आहे.

उठा तुम्ही. कॉफी घेऊन जा, ओव्हनमधले बारही घ्या दोन, गरम आहेत, जपून. तिकडे खोलीत जाऊन बसा. हो, त्याच खुर्चीत, बसा खुशाल, सरकवा हवी तिकडे! दारात बूट काढतोय तो, आणि मोज्यांवरच आत येणार. जा ना हो आता. आणि जाताना दार ओढून घ्या.