जवसाचं तेल कोनं टाकलं

मायबाईहो, भाऊहो, तुमी सारे आपल्या गनपतभाऊ मिस्त्रीच्या शोकसभेले जमले. मले भाषन येत नाही. मी शिवनकाम करनारी बाई. पन आज बोलली नाही, तर मंग कधीच बोलनार नाही.

पवनीत कोनाची शिलाई मशीन भाऊनं उघडली नाही, सांगा? घड्याळ असो, कुलूप असो, मशीन असो, आधी तेल पाहत. आमी बाया विचारायच्या, "भाऊ, एरंडीचं चालते का?" "ते पोराच्या पोटाले द्या." "खोबऱ्याचं?" "थंडीत गोठते. मंग मशीनले शेकत बसा." अन जवसाचं नाव काढलं की हातच जोडत. "बाई, जवस भाजीत घाला. मशीनीत वाळलं की डिंक होते!" मशीनचंच पातळ तेल, एका छिद्रात एक थेंब. बस्स. किती हसत होतो हो आमी तवा!

अन मी काय केलं? सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट असंल. लग्नाचे ब्लाऊज शिवाचे पडले होते, मशीनचं तेल सरलं होतं. मी फोडनीचं जवस टाकलं. पंधरा दिवसांत चाक जाम! आमच्या मालकानं आवाज चढवला, "कोनं टाकलं तेल?" मी घाबरली. म्हटलं, "आत्याबाईनं टाकलं असंल."

आत्याबाई म्हंजे माझ्या सासूबाई. पायातले चांदीचे वाळे मोडून त्याहीनंच ती मशीन घेतली होती. त्या समोरच बसल्या होत्या. हातातली गोधडी घडी करून त्याहीनं बाजूले ठेवली. त्या दिवसापासून घरात कोनी त्याहीले मशीनले हात लावू देला नाही. आधी दुपारी हाताच्या अंदाजानं मशीनवर गोधड्या शिवायच्या, गानं म्हनायच्या. ते सारं बंद झालं.

भाऊ आले. राकेल टाकू-टाकू चाक मोकळं केलं. मालक पान आनाले गेले, तसं मले हळूच म्हने, "वहिनी, एकूनएक छिद्रात बरोबर तेल गेलं आहे. म्हातारीच्या डोळ्यात मोतीबिंदू. तिले हे छिद्र दिसते का?" मी रडाले लागली. "मी कोनाले सांगनार नाही," म्हने. "ते तुमीच सांगा. पन सांगा."

भाऊनं कोनाले सांगितलं नाही. दहा वर्सं. मी बी सांगितलं नाही. ते मशीन पाहाले येत, माझ्याकडं पाहत, अन मी खाली मान घालत होती. लाज वाटते मले. आता भाऊ गेले. मी गप्प राहिली तर विचारनारं कोनी नाही, म्हनूनच उभी आहे.

आत्याबाई, तुमी पुढं सतरंजीवर बसल्या आहा. साऱ्यायसमोर सांगते. ते तेल मी टाकलं होतं. तुमी नाही. तुमचीच मशीन, अन मी तुमालेच तिच्यापासून तोडलं. मले माफ करा. आज घरी गेलो की मशीनवर तुमी बसा. सुईत दोरा मी ओवून देते.

आता भाऊसाठी सारे दोन मिनिटं उभे राहू. काही बोलू नका. आत्याबाई, थांबा, एकट्या उठू नका. मी येऊन राहिली.