कृष्णाबाईचं जाकीट

"देवाचं नाव घे आणि काठ घट्ट धर." लहानपणी बोरीवलीच्या जेट्टीवरून गोराईच्या होडीत चढताना विमलाला वडील एवढंच सांगायचे. आज कितीतरी वर्षांनी ती तिथेच रांगेत उभी होती. पुढे मासळी विकून परतलेल्या कृष्णाबाईचं तिच्या लेकाशी, होडीवाल्या हितेशशी, लाइफ जाकिटावरून वाजलं होतं.

"आये, जाकीट घाल."

"तुज्या जन्माआधीपासून या खाडीत फिरते मी."

"ते खाडीला सांग. इथं जाकीट घाल."

"तुजा बापूस वादळात होडी न्यायचा. त्यानं कधी घातलं?"

"बाबाला कुणी दिलंच नाही. मी देतोय ना."

"आणि नाय घातलं तर?"

"होडी सुटणार नाही."

"सख्ख्या आईला उतरवशील?"

"पहिली तुलाच."

रांगेत हशा पिकला. कृष्णाबाईनं तणतणत नारिंगी जाकीट चढवलं. मागे नाकं मुरडणाऱ्या पोरापोरींनीही मग निमूट आपापली जाकिटं घातली.

होडी निघाली. शेजारी बसलेली विमला म्हणाली, "मुलगा भारी कडक हो तुमचा."

"रोज भांडते मी त्याच्याशी."

"रोज? मग मुकाट्यानं घालत का नाही?"

कृष्णाबाईनं सुकाणूपाशी उभ्या लेकाकडे डोळे भरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"जाकिटं आणली तेव्हा लोक हसले त्याला. कोळ्याचा पोर पाण्याला भितो म्हणाले. आता आईलाच सोडत नाय म्हटल्यावर कोण तोंड उघडणार, बाय? त्याला सांगू नको हां. उद्या परत भांडायचंय मला."