अभंगाआधीचं घोटभर पाणी

माउलींनो, जरा जवळ सरकून बसा. साताऱ्यातल्या टीव्हीच्या दुकानात कानी पडलेली एक गोष्ट ऐका. मेढ्याकडचे भाऊसो आपल्या बायकोला, बनाबाईंना घेऊन आले होते. त्यांची कीर्तनकार लेक क्रांती मागल्या साली आजारानं गेली. तिच्या कीर्तनाचा मोबाईलवरचा एक व्हिडिओ तेवढा मागं उरला होता, आणि बनाबाईंची नजर विझत चालली होती.

"सगळ्यात मोठा टीव्ही दाव गड्या. हिला लेकीचं त्वांड दिसाया पायजे."

"हा पासष्ट इंची बघा, काका. तुमचा व्हिडिओच लावतो."

"आवं, ह्यात नुसते चौकोन दिसत्यात. क्रांती कुटं हाय?"

"मावशी, जुन्या मोबाईलचा व्हिडिओ मोठा केला की फुटतो. जरा लांबून बघा."

"लांबचं मला दिसत न्हाई, बाबा."

भाऊसोंनी बनाबाईंचा हात धरला आणि तेही पडद्याजवळ उभे राहिले. तिथून त्यांनाही चौकोनच दिसत होते. बनाबाई लेकीच्या आवाजाकडं कान लावून होत्या.

"गप झाली बगा. आता अभंग लावंल. त्याआधी घोटभर पाणी पिती ती. प्याली का वं?"

"प्याली."

"पदर खोचला?"

"खोचला की."

"हासती का?"

"लय ग्वाड हासतीया."

"तुमाला दिसती न्हवं?"

"व्हय. लख्ख दिसती."

"मग ह्योच घ्या. तुमी बगून मला सांगत जावा."

माउलींनो, तुमच्या गावात कीर्तनाला उभी राहिलेली एखादी लेक अभंगाआधी घोटभर पाणी प्याली, तर तेवढ्यापुरती त्या क्रांतीची आठवण काढा.